तुरटपणाची राखण

इटलीच्या सार्डिनिया बेटावर, भूमध्य समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात मर्टलची झुडपं रानोमाळ वाढतात. जांभूळ, पेरू आणि लवंग ज्या कुळातली, त्याच कुळातली ही. उन्हाळा लागताना पांढरी, सुवासिक फुलं येतात, पण वाटाण्यापेक्षा थोडी मोठी होणारी फळं पिकायला नोव्हेंबर उजाडतो. पेरूसारखाच फुलाचा पाच टोकांचा मुकुट फळाच्या बुडाशी शेवटपर्यंत राहतो.

एवढे महिने फळ काय करत असतं? आधी ते हिरवं, टणक आणि विलक्षण तुरट असतं. हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि जीभ कोरडी, खरखरीत होते. कच्च्या जांभळाने ज्याचा घसा धरला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. या चवीला दोष द्यायला माझं मन होत नाही. आत बी कोवळं असतं. या वेळी कुणी फळ खाल्लं, तर पुढचं झुडूप तिथेच संपलं. शेताला राखणदार, तसा बीला हा तुरटपणा.

बी तयार होत आलं, की टॅनिन ओसरू लागतं, आंबटपणा उतरतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साठत जातात. हरितद्रव्य मोडतं आणि सालीत अँथोसायनिन ही रंगद्रव्यं नव्याने घडतात: डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्विडिन यांची शर्करेशी जोडलेली रूपं. फळ निळं-काळं होतं.

याच बेटावर पांढऱ्या फळांची मर्टलही आहे. तिच्यात ही रंगद्रव्यं जवळपास नसतातच, तरी तिची फळं पिकतात, गोड होतात. गोडी आणि रंग या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे या फिकट फळांमुळे किती स्वच्छ दिसतं! काळ्या फळात त्या एकाच सुमारास मुक्कामाला पोचतात, इतकंच.

हिवाळ्यात रॉबिन, ब्लॅककॅप हे पक्षी फळं खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. माणसंही तेव्हाच तोडणी करतात, फळं अल्कोहोलमध्ये मुरवतात आणि 'मिर्तो' हे गडद रंगाचं मद्य करतात. पिकलेल्या फळातही थोडा तुरटपणा उरतो. मिर्तो पिणाऱ्याच्या जिभेला तो कळतो, आणि सार्डिनियाच्या लोकांना तो तसाच हवा असतो.