हाताच्या मापाचा नाद

नोव्हेंबर 1982 मध्ये टेक्ससचा एक तरुण गिटारवादक लॉस एंजेलिसमध्ये गायक जॅक्सन ब्राउनच्या स्टुडिओत तीन दिवस वाजवून गेला. त्याचे नाव स्टिव्ही रे व्हॉन. तोवर त्याच्या नावावर एकही अल्बम नव्हता. त्या खोलीत ब्राउनच्या मालकीचा, अलेक्झांडर डंबल या कारागिराने हाताने बांधलेला एक अ‍ॅम्प्लिफायर होता आणि व्हॉनने आपली गिटार त्याला जोडली. त्या ध्वनिमुद्रणातून पुढच्या वर्षी ‘टेक्सस फ्लड’ बाहेर आला. नंतर व्हॉनने डंबलचा अ‍ॅम्प स्वतःसाठीही घेतला. रॉबेन फोर्ड, लॅरी कार्लटन, कार्लोस सँटाना यांनी डंबलवर वाजवले, अलीकडच्या पिढीत जॉन मेयरनेही. डंबलने हयातभरात बांधलेल्या अ‍ॅम्पची संख्या तीनशेच्या आसपास मानली जाते. त्यांतला एखादा आज विक्रीला आला, तर 1 लाख डॉलरच्या पुढे जातो. म्हणजे 80 लाख रुपयांहून अधिक.

एका लाकडी पेटीत चार-सहा व्हॉल्व्ह, दोन-तीन ट्रान्सफॉर्मर आणि मूठभर कंडेन्सर. त्याला एवढी किंमत असावी का? डंबलची कीर्ती मला खरी वाटते. पण ही किंमत ज्या गोष्टीसाठी मोजली जाते, ती गोष्ट विकत घेणाऱ्याच्या हाती पडतच नाही, असे माझे म्हणणे आहे.

गिटारचा अ‍ॅम्प आवाज नुसता मोठा करत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. व्हॉल्व्हला पेलवेल त्याहून मोठा संदेश त्यात ढकलला, की लहरीचे माथे हळूहळू चपटे होऊ लागतात. या चपटेपणातून मूळ स्वरात नसलेले, किंवा जेमतेम असलेले, वरचे स्वर उमटतात. पहिला वरचा षड्ज, त्यावरचा पंचम, मग आणखी वरचे. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर जवारी लावतो, तेव्हा परिणाम याच जातीचा असतो. तारेचा घोडीच्या पृष्ठभागाशी हलका संग होतो आणि षड्जातून स्वयंभू गंधार बोलू लागतो. जवारी बिघडलेला तंबोरा मुका वाटतो, गिटारवादकाला व्हॉल्व्हविना गिटार तशीच कोरडी वाटते. एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. तंबोऱ्याची जवारी एकदा लावली की लागली. अ‍ॅम्पमधली ही ‘जवारी’ वादकाच्या बोटांच्या दाबावर क्षणोक्षणी बदलते. हळू छेडले तर स्वर स्वच्छ येतो, जोरात छेडले तर त्याला धार चढते. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये या दोन टोकांमधली वाट लांब आणि सलग असते, आणि डंबलच्या ‘ओव्हरड्राइव्ह स्पेशल’ची ख्याती मुख्यतः याच वाटेची आहे.

आता या वाटेचा वंश पाहू. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा, रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याच्या सुरुवातीच्या अ‍ॅम्पची सर्किटे आरसीएसारख्या कंपन्या व्हॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी छापत असलेल्या माहितीपुस्तिकांमधल्या सर्किटांच्या अगदी जवळची होती. त्याच्या 1950 च्या दशकातल्या ‘बासमन’वरून वाद्यांचा दुकानदार जिम मार्शल आणि त्याच्या सोबत्यांनी 1962 मध्ये लंडनमध्ये आपला पहिला अ‍ॅम्प बांधला. मिळतील ते व्हॉल्व्ह आणि मिळतील ते स्पीकर घातले, आणि त्यातून रॉक संगीताचा एक सबंध आवाज जन्माला आला. डंबलच्या सर्किटाचा पायाही 1960 च्या दशकातला फेंडरच आहे. त्यावर त्याने व्हॉल्व्हच्या आणखी पायऱ्या रचल्या आणि प्रत्येक पायरीवर किती संदेश सोडायचा, याचा तोल वर्षानुवर्षे कानाने साधला. म्हणजे ही विद्या सार्वजनिक विहिरीसारखी होती. फेंडरच्या अ‍ॅम्पबरोबर सर्किटाचा नकाशा मिळत असे, आणि ज्याला पाणी हवे त्याने ते काढले.

डंबलने मात्र त्या विहिरीवर झाकण घातले. आपल्या अनेक अ‍ॅम्पमधल्या सर्किटावर त्याने एपॉक्सीचा जाड थर ओतला, कोणाला नक्कल करता येऊ नये म्हणून. ग्राहकांकडून तो करारही लिहून घेत असे. कारागिराने आपले कसब राखावे हे मला समजते. मोठ्या कारखान्याने एका माणसाची कित्येक वर्षांची मेहनत आठवड्यात उचलून नेऊ नये, ही भीती खोटी नव्हती. तरीही जी विद्या उघड्या नकाशांवर वाढली, तिच्या पुढच्या पानावर काळा थर ओतणे मला पटत नाही.

त्याची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. डंबल अ‍ॅम्प बांधायचा तो माणूस पाहून. वादकाचे वाजवणे ऐकायचे, त्याचा हात हलका की जड, तो तार ओढतो की ठोकतो, त्याची गिटार कोणती, हे ध्यानात घेऊन सर्किटातल्या घटकांची मापे ठरवायची, आणि मग अ‍ॅम्प परत आणून पुन्हा जुळवायचा. त्यामुळेच एका नावाचे दोन डंबल एकसारखे नसतात. न्यू जर्सीचा केन फिशर याच पठडीतला. आधी अँपेग कंपनीत काम केलेला हा माणूस ‘ट्रेनरेक’ नावाने अ‍ॅम्प बांधायचा आणि त्यांना अनुक्रमांकाऐवजी बायकांची नावे द्यायचा. 2006 मध्ये तो वारला, तोवर त्याचे अ‍ॅम्प शंभराच्या आगेमागेच झाले होते. या दोघांचे काम कारखान्याच्या मालाच्या मापाने मोजताच येत नाही. शिंपी अंगावर टाके घालून कपडा बेततो, तसे ते होते.

पण कान खरोखर हा फरक ओळखतो का? व्हायोलिनच्या जगात हा प्रश्न धैर्याने विचारला गेला आहे. संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ, व्हायोलिन घडवणारे जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये इंडियानापोलिस येथे 21 व्हायोलिनवादकांना अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल चढवून, तीन नवी आणि तीन जुनी वाद्ये वाजवायला दिली. जुन्यांत इटलीतल्या विख्यात कारागिरांची दोन स्ट्रॅडिव्हरी आणि एक ग्वार्नेरी होती. नवे कोणते आणि जुने कोणते, हे वादकांना सांगता आले नाही, आणि सर्वांत कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हरीला मिळाली. 2012 मध्ये पॅरिसजवळ व्हँसेन येथे दहा नामवंत एकलवादकांना बारा वाद्ये दिली, तेव्हा सहा जणांनी नवे वाद्य निवडले. हे निष्कर्ष वाचून मी बराच काळ अस्वस्थ होतो, कारण माझी श्रद्धाही जुन्या लाकडावर होती.

अ‍ॅम्पच्या बाबतीत तर फसगतीच्या जागा आणखी आहेत. दोन अ‍ॅम्पमधला एक कणभर जरी मोठा वाजत असला, तरी तो ‘भरदार’ वाटतो, कारण आवाज वाढला की आपल्या कानाला खर्ज अधिक ऐकू येतो. त्यामुळे आवाजाची पातळी मोजून सारखी केल्याशिवाय केलेली तुलना मी मानत नाही. शिवाय ध्वनिमुद्रणात स्पीकर आणि मायक्रोफोन यांचा वाटा इतका मोठा असतो, की स्पीकरसमोरचा मायक्रोफोन मध्यापासून दोन बोटे बाजूला सरकवला, तर पडणारा फरक दोन उत्तम अ‍ॅम्पमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो. ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर 1 लाख डॉलरचा युक्तिवाद इथेच बराचसा कोसळतो.

वादकाच्या बाजूने मात्र तो पूर्ण कोसळत नाही. वाजवणारा कानाइतकाच हातानेही ऐकतो. ज्या अ‍ॅम्पमध्ये विजेचा प्रवाह सरळ करायलाही व्हॉल्व्हच असतो, तिथे जोराचा आघात झाला की आतला दाब क्षणभर खचतो आणि मग सावरतो. स्वर आधी दबतो आणि नंतर फुलतो. श्रोत्याला हे जाणवेलच असे नाही, पण वादकाचा पुढचा स्वर त्यावरच ठरतो. अ‍ॅम्प असा प्रतिसाद देतो, म्हणून माणूस वेगळे वाजवतो, आणि श्रोत्यापर्यंत पोचते ते हे वेगळे वाजवणे. व्हॉनने त्या तीन दिवसांत जे वाजवले, त्यात त्या पेटीच्या प्रतिसादाचाही वाटा असणारच, असे मला वाटते.

म्हणूनच अशा अ‍ॅम्पच्या दोन किमती वेगळ्या धरायला हव्यात. पहिली किंमत जिवंत कारागिराला मिळते. हाताने एकेक वायर ओढून अ‍ॅम्प बांधायला दिवस लागतात, चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर महाग असतो, आणि वर्षाला मोजके नग बांधणाऱ्याला घरही चालवायचे असते. कारखान्यातल्या चांगल्या अ‍ॅम्पच्या तिप्पट-चौपट पैसे त्याने मागितले, तर मला ते रास्त वाटतात.

हे मी अनुभवावरून म्हणतो. माझा हाताने बांधलेला 15 वॉटचा छोटा अ‍ॅम्प एकदा घरघरू लागला. मी तो जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे नेला. गिटारचा अ‍ॅम्प त्यांनी कधी उघडला नव्हता. मागची फळी काढून ते बराच वेळ नुसते पाहत राहिले, मग रेझिस्टर लावून कंडेन्सरमधला भार आधी उतरवला आणि म्हणाले, “वायर दिसतेय ना, मग होईल.” दोन कंडेन्सर बदलले आणि संध्याकाळी अ‍ॅम्प पुन्हा बोलू लागला. त्या पेटीसाठी मी जे जास्तीचे पैसे मोजले होते, ते मला त्या संध्याकाळी वसूल झाल्यासारखे वाटले.

दुसरी किंमत बाजाराची. तिच्यातला एक पैसाही डंबलला मिळत नव्हता. 2022 च्या जानेवारीत तो गेला, आणि आता तर प्रश्नच उरला नाही. ही किंमत दुर्मिळतेची आहे, आधीच्या मालकाच्या नावाची आहे, आणि थोडीशी त्या काळ्या थराखालच्या रहस्याचीही. त्यातले रहस्य तर केव्हाच फुटले. लोकांनी चिकाटीने एपॉक्सी खरवडली, नकाशे काढले, आणि आज मलेशियातली सेरियाटोन ही छोटी कंपनी त्याच धर्तीचे अ‍ॅम्प मूळ किमतीच्या अगदी क्षुल्लक अंशात बांधून देते. अ‍ॅम्पचे वागणे नमुन्यावरून शिकून घेणारे सॉफ्टवेअर आता फुकटही मिळते. आवाज हवा असेल, तर तो गिटार शिकणाऱ्या कोणत्याही मुलाच्या आवाक्यात आला आहे आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

मग 80 लाखांत काय उरते? दुसऱ्या कोणाच्या तरी हाताचे माप. तंबोरा एका गायकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर मिरजेचा कारागीर घोडी पुन्हा घासतो आणि नव्या गळ्याला खुली किंवा बंद, हवी तशी जवारी लावून देतो. ओव्हरड्राइव्ह स्पेशल ज्याच्या जड हातासाठी जुळवला, त्याच्याकडून तो हलक्या हाताच्या वादकाकडे गेला, तर जुळवणाऱ्याचे कान आता नाहीत. आणि त्या वृद्ध गृहस्थांसमोर तो ठेवला असता, तर मागची फळी काढून त्यांनी बराच वेळ पाहिले असते. वायर दिसली नसती.