उंबरठ्याचं माप

कॅलिफोर्नियातल्या आर्किटेक्टला दर दोन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करावं लागतं, आणि नुसती फी भरून ते होत नाही. अपंग व्यक्तींना वावरता येईल अशा इमारतींविषयी पाच तासांचं शिक्षण घेतल्याचं सांगावं लागतं. २०२३ पासून त्यात आणखी पाच तासांची भर पडली आहे, ती निव्वळ शून्य कार्बनच्या इमारती कशा बांधायच्या यासाठी. म्हणजे नकाशे काढता काढता केस पिकलेला माणूसही पुन्हा वर्गात बसतो आणि रॅम्पच्या उताराचे धडे गिरवतो.

हे ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. सदाचार काय तासांवर शिकवायचा असतो? मनात कणव असेल तर माणूस चांगलीच इमारत बांधेल. नसेल तर पाच तासांत ती येणार कुठून? प्रश्न जुनाच आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या पुरी करून निघालेल्या शिष्याला गुरू जे बजावतो, त्यात सत्य आणि धर्माच्या जोडीने स्वाध्यायात हयगय करू नकोस हेही आहे. कसं वागावं याची शंका आली तर विचारी माणसं तिथे कशी वागतात ते पाहा, असंही तो सांगतो. चांगुलपणा एकदा अंगी बाणला की कायमचा टिकतो असं त्या गुरूला वाटत असतं, तर निरोपाचं भाषण बरंच आटोपशीर झालं असतं.

आपल्याकडे १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यात नाव नोंदवहीत टिकवण्यासाठी नूतनीकरण शुल्काची तरतूद आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मात्र पुढे जातो. त्याच्या ४७व्या कलमात शिक्षक, डॉक्टर, परिचारिका यांच्याबरोबर इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांचीही नावं घेऊन त्यांच्या अभ्यासक्रमात अपंगत्वाचा विषय आणा, असं म्हटलं आहे.

कणव पुरते की नाही, हे एखाद्या देवळाच्या पायऱ्यांशी उभं राहिलं की कळतं. जोतं समजा तीन फूट उंच आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे रॅम्पचा उतार बारास एकपेक्षा तीव्र नको; म्हणजे तीन फुटांसाठी छत्तीस फूट लांबी, वर टेकायला सपाट जागा वेगळ्या. अंगणात जागा पंधरा फुटांची. विश्वस्त सज्जन, देणगीदार उदार, कंत्राटदार तयार. पंधरा फुटांत रॅम्प बसवला जातो, पाचास एक उताराचा, गुळगुळीत ग्रॅनाइटचा, कारण ते दिसायला छान. त्यावर ओल्या पावलांचं पाणी सांडलं की धडधाकट माणूसही कठडा शोधतो. व्हीलचेअर वर चढवायला दोघे मागून लागतात, उतरताना तिला उलटी धरावी लागते. शेवटी चार तरुण पुढे होतात आणि खुर्चीसकट माणसाला उचलून सभामंडपात नेऊन ठेवतात. चौघांना पुण्य लाभतं. देणगीदाराचं नाव रॅम्पच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेलं असतंच. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो मात्र सामानासारखा उचलला जातो, आणि परत जायचं कधी हेही त्याला त्या चौघांच्या सवडीने ठरवावं लागतं.

दानधर्माच्या आपल्या कल्पनेतच ही अडचण आहे. अपंग माणूस तिच्यात बहुधा घेणाऱ्याच्या जागी असतो. दुसऱ्याच्या पुण्याचं निमित्त. बारास एकचा उतार त्याला त्या जागेवरून उठवतो. तो स्वतः येतो, स्वतः निघतो, कुणाचे आभार मानायची गरज पडत नाही. त्या छत्तीस फुटांत जेवढी नीती आहे, तेवढी चौघांच्या खांद्यांत नाही.

यावर श्रद्धेच्या बाजूने येणारा आक्षेप हलका नाही. कष्ट हा यात्रेचाच भाग आहे, असं भाविक म्हणतात. जेजुरीच्या पायऱ्या चढून आलेल्या घामात भक्ती असते, वारीत आठवडे चालून सुजलेल्या पावलांत असते. सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर सुरू झाली, म्हणून पायऱ्यांचं माहात्म्य संपलं का? नाही संपलं; नवस फेडणारे आजही पायऱ्यांनीच जातात. कष्टाचं व्रत ज्याने त्याने आपल्यापुरतं घ्यायचं असतं. ते दुसऱ्यावर लादलं की व्रत उरत नाही.

पंढरपुरात हा पेच फार खोल जातो. तिथे पहिली पायरीच नामदेवांची आहे. संतांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी मागून घेतलेली जागा, अशी श्रद्धा. तिच्यावर पाय कुणी ठेवत नाही, माथा टेकतात. समोर चोखोबांची समाधी. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. आयुष्यभर देवळाबाहेर ठेवलेला हा भक्त बांधकामावरच्या मजुरीत मेला. त्यानंतर सहा शतकं उलटली, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडलं.

गर्दीत आत जाता आलं नाही तर वारकरी कळसाचं दर्शन घेऊन परततो, आणि ते दर्शन उणं मानलं जात नाही. फार सुंदर मुभा आहे ही. पण बाहेरूनही देव पावतो, हे भक्ताने म्हणावं. दाराशी उभ्या असलेल्याने ते म्हटलं की त्याचा हुकूम होतो. जातीने अडवणं आणि पायरीने अडणं एक नव्हे. पहिल्यात द्वेष होता, दुसऱ्यात बहुतेक वेळा विसर असतो. पण बाहेर थांबलेल्याला पडणारा फरक किती, हे थांबवणाऱ्याने ठरवू नये.

काही ठिकाणी दगडच नाही म्हणतो, तेही मान्य करायला हवं. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. त्याचा गाभारा मंडपापासून सुमारे वीस पायऱ्या खाली. तिथे उतार करायचा तर मंदिर फोडावं लागेल. आवारातल्या वाटा सपाट करता येतात, मंडपापर्यंतचा मार्ग शोधता येतो, गाभाऱ्याचा मात्र नाही. नवीन देवळांना ही सबब नाही. आरसीसीत कॉलनीच्या कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या देवळाचं जोतं आर्किटेक्टच्या पेन्सिलीने ठरतं. ते सहा इंचांवर आणलं तर रॅम्प सहा फुटांत होतो, सिमेंट वाचतं, वर लिफ्टची वीजही लागत नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, हे लक्षात घेतलं तर बुटकं जोतं दोन्ही अंगांनी धर्माचं.

कॅलिफोर्नियाचे ते दोन विषय इथे एकत्र येतात. व्हीलचेअरवरचा भक्त विश्वस्तांच्या बैठकीला नसतो, कारण बैठक बिनलिफ्टच्या पहिल्या मजल्यावर भरते. तापलेल्या पृथ्वीवर राहणारा माणूस तर अजून जन्मायचा आहे. नकाशा मंजूर होताना दोघेही गैरहजर. पितृऋण फेडायचं ते पुढच्या पिढीला, ही कल्पना ज्या परंपरेत आहे, तिला गैरहजर माणसाचं देणं समजावून सांगावं लागू नये.

गंमत अशी की अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्याने चर्च, सिनेगॉग, मशिदी, देवळं या धर्मसंस्थांना सार्वजनिक जागांच्या नियमांतून सूट दिली. धर्मस्वातंत्र्याचा मान म्हणून असेल. पण देवाच्या घरालाच तेवढी मोकळीक, हे विचित्र दिसतं. भारतीय कायद्याने सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या इमारती स्पष्टपणे घेतल्या. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे नियम शिफारशीच्या सुरात ठेवणं कायद्याशी विसंगत आहे, किमान अटी तीन महिन्यांत बंधनकारक करा, असं केंद्राला सांगितलं. बांधकाम परवानगी देताना नकाशा नियमांत बसतो का हे पाहण्याची जबाबदारी ४४व्या कलमात आहेच.

उरतो प्रश्न या तासांना शिकवणार कोण. पुष्कळ कार्यशाळांत आर्किटेक्टच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दहा मिनिटं चालवतात. तो धडपडतो, हळहळतो आणि पुन्हा कणवेपाशी येऊन थांबतो. त्यापेक्षा चाकावर वीस वर्षं फिरलेल्या बाईला फळ्याशी उभं करावं. देवळात चपला काढायच्या, मग बाहेरची धूळ लागलेल्या चाकांचं काय, कॅलिपरच्या बुटाचं काय, हे ती पहिल्याच तासाला विचारेल. आत वापरायची वेगळी खुर्ची दाराशी ठेवली तर बाहेरच्या खुर्चीतून तिच्यात बसायला दीड मीटर मोकळी जागा सोडावी लागते, हेही तीच सांगेल.