काम माझं, मग फळ कुणाचं?



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ४७व्या श्लोकावर. तुम्हाला तो पाठ असेलच. शाळेच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे, कॅलेंडरवर, सगळीकडे तो भेटतो. मलाही तो पाठ होता, पण पाठच होता. नोकरी शोधायला लागले तेव्हा कुठे त्याच्याशी माझं खरं भांडण सुरू झालं.

माझी इंजिनिअरिंगची पदवी २०२३च्या उन्हाळ्यात हातात आली. आयटीतली भरती मंदावली होती. कॅम्पसला आलेल्या कंपन्या थोड्या आणि त्यांनी घेतलेली मुलं त्याहून थोडी. मी पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायचे. सकाळी मेसचा डबा, मग लॅपटॉप उघडून अर्ज भरायचे. ‘फ्रेशर’साठी म्हणून असलेल्या जागेलाही एक-दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असायचा. अॅप्टिट्यूड टेस्ट निघायची, इंटरव्ह्यू व्हायचा, ‘कळवतो’ म्हणायचे आणि कुणीच कळवायचं नाही. नकार आला तरी बरा, असं वाटायला लागलं होतं.

घरी शैक्षणिक कर्ज होतं. कोर्स संपल्यावर एक वर्षाची सवलत, मग हप्ता सुरू. म्हणजे २०२४च्या उन्हाळ्यात महिन्याला साडेसहा हजार. ती तारीख मी मोबाईलमध्ये रिमाइंडर म्हणून टाकून ठेवली होती.

तेव्हा मला हा श्लोक चिडवल्यासारखा वाटायचा. फळ माझ्या हातात नाही, ठीक. पण बँकेला हप्ता हवाय, निष्कामता नको! आणि फळावर अधिकारच नसेल तर पुढचं प्लॅनिंग तरी कशाला करायचं? सगळं देवावर सोडलेल्या माणसानं वही-पेन घेऊन पाच वर्षांचा हिशेब मांडणं, हा अविश्वास नाही का?

एका रात्री अर्थ नीट वाचायला बसले. श्लोकाचे चार भाग आहेत. तुझा अधिकार कर्मावर आहे. फळावर कधीच नाही. फळ मनात धरून कर्म करू नकोस. इथपर्यंत आपण सगळे येतो आणि थांबतो. चौथ्या भागात भगवान सांगतात की काही न करण्याचीही ओढ लावून घेऊ नकोस. हा भाग मी सोयीस्कर विसरले होते. ‘देवाच्या मनात असेल तेव्हा मिळेल’ म्हणून मी दोन-दोन दिवस अर्ज न करता रील्स बघत पडायचे, ती श्रद्धा नव्हती. दमले होते, आणि नकाराची भीती वाटत होती. प्लॅनिंगचं म्हणाल तर तेही कर्मच आहे. शेतकरी पावसावर हुकूम चालवत नाही, पण बी-बियाणं मृगाच्या आधीच आणून ठेवतो.

इतकं कळलं आणि बरं वाटलं. खरी परीक्षा मात्र पुढे होती.

मार्च २०२४मध्ये रूममेटच्या ओळखीनं एका कन्सल्टंटचा नंबर मिळाला. त्याचं ऑफिस म्हणजे एका जिन्याखालची खोली. त्यानं शांतपणे सांगितलं, “मॅडम, दोन वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर, सॅलरी स्लिपा, सगळं देतो. पीएफचीही एन्ट्री दाखवतो. चाळीस हजार, अर्धे आत्ता, अर्धे जॉइनिंगनंतर.” माझ्या कॉलेजमधलीच दोघं जण तिथून गेल्याचं त्यानं सांगितलं. खरं असेल, खोटं असेल. मी ‘विचार करून सांगते’ म्हणून निघाले.

खरं सांगते, मित्रांनो, मी लगेच नाही म्हटलं नाही. चार दिवस विचार केला. आणि लाज वाटते, पण या चार दिवसांत मी गीताच वकील म्हणून उभी केली. मन म्हणायचं, तू हे स्वतःसाठी थोडंच करतेयस? बाबांसाठी करतेयस. तुला आसक्ती नाही. काम तर तुला येतंच, कागदच नाहीये. कागदानं कुणाचं काय बिघडतं?

चौथ्या दिवशी पोर्टलवर सीव्ही उघडला आणि ‘अनुभव’ या रकान्यात प्रत्यक्ष टाइप करायला घेतलं. गेली दोन वर्षं. तेव्हा मी कुठे होते? शेवटच्या वर्षाच्या सबमिशनला रात्री जागत होते. मेसच्या टेबलावर आईशी फोनवर बोलत रडत होते. ती दोन वर्षं पुसून तिथे मला दुसरीच कुणीतरी मुलगी बसवायची होती. मग लक्षात आलं की मी श्लोक बरोब्बर उलटा करतेय. गीता म्हणते, काम तुझं, फळ तुझं नाही. हा कागद म्हणत होता, काम कुणीच केलेलं नाही, फळ मात्र माझं!

शिवाय त्या फळात दुसऱ्याचाही वाटा होता. त्या जागेसाठी खरंच दोन वर्षं राबलेला कुणीतरी अर्ज करणार होता. त्याचं नाव मला कधीच कळलं नसतं, म्हणून ‘कुणाचं काय बिघडतं’ म्हणणं इतकं सोपं होतं.

नवव्या अध्यायात भगवान म्हणतात की तू जे करशील, खाशील, देशील, ते मला अर्पण कर. आपण नैवेद्य दाखवतो, तेव्हा ताटात काय ठेवतोय ते बघतो ना? हा सीव्ही मला देव्हाऱ्यात ठेवता आला नसता. मी फाइल बंद केली.

पण गोष्ट इथे संपली असती तर फार सोपी झाली असती. एक प्रश्न मला आजही टोचतो. खरं मी बोलायचं आणि त्याची किंमत बाबांनी का मोजायची? बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. मला नोकरी लागली नाही तर हप्ता त्यांच्याच पगारातून जाणार होता. स्वतःच्या खिशातून सत्य पाळणं वेगळं, आणि बापाच्या खिशातून पाळणं वेगळं.

म्हणून मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. चाळीस हजारांसकट. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “माझ्या गाडीत पन्नास-साठ माणसं असत्यात. खोट्या लायसनवर मी स्टेअरिंगला बसलो असतो, तर तू बसली असतीस का त्या गाडीत?” मी गप्प. पुन्हा थोडं थांबून म्हणाले, “हप्त्याचं बघू. पण घरात बसू नको.”

त्यांच्या आवाजात अभिमान-बिभिमान काही नव्हता, काळजीच होती. त्यानंतर त्यांनी मुक्कामाच्या गाड्या जास्त घ्यायला सुरुवात केली, हे मला आईकडून कळलं. हे लिहिताना मी ते लपवत नाही. योग्य निर्णयाचाही भार कुणाला तरी उचलावा लागतो, आणि तो कोण उचलतंय हे आपण विसरू नये.

‘घरात बसू नको’ हे मी आदेशासारखं घेतलं. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. मी वहीत पाच रकाने पाडले. अधिष्ठान म्हणजे शरीर: झोप, जेवण, रोज चालणं. कर्ता: मला नेमकं काय येतं आणि काय येत नाही, प्रामाणिकपणे. साधनं: एक टेस्टिंगचं टूल नीट शिकायचं, इंग्रजी बोलायचा सराव. प्रयत्न: आठवड्याला ठरावीक अर्ज, आणि ‘नोकरीच’ हा हट्ट सोडून अप्रेंटिसशिपही बघायची. दैवाचा रकाना कोरा ठेवला. आधी माझी सगळी वही त्या एकाच रकान्यानं भरलेली असायची!

मे २०२४मध्ये भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागले. पदवीधर अप्रेंटिसला तेव्हा सरकारी नियमानं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये होतं, मला तेवढंच मिळालं. कॉट आणि मेस भागवून हप्त्याला दोन हजार घरी पाठवते, उरलेले बाबा भरतात. वर्ष संपायला आता दोन महिने उरलेत. पुढे ठेवून घेतील का, माहीत नाही. पण या वेळी सीव्हीत ‘अनुभव’ या रकान्यात जे लिहीन, त्यातल्या प्रत्येक दिवशी मी खरोखर त्या खुर्चीवर होते.

फळाची चिंता पूर्ण गेली का? नाही हो. महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा येतोच. मात्र नकाराचा मेल आला की ‘मी वाया गेले’ असं आता वाटत नाही. त्यांनी एक जागा नाकारली, एवढाच त्याचा अर्थ. फळावर अधिकार नाही, तर फळावरून स्वतःची किंमत ठरवण्याचाही अधिकार मला नाही.

आजचा छोटासा अभ्यास: तुम्हीही पाच रकाने पाडा. पहिल्या चारांत आज करता येईल असं एकेक काम लिहा आणि पाचवा कोरा ठेवा. मग प्रत्येक कामाकडे बघून विचारा, हे मी देवापुढे ठेवू शकेन का? ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल ते खोडा. आणि तुमच्या प्रयत्नांचा खर्च घरात कुणी उचलत असेल, तर आज त्यांना एक फोन नक्की करा.

पांडुरंगा, काम करायची ताकद दे, खोट्याची वाट सोपी दिसेल तेव्हा हात धर, आणि माझ्यासाठी जागणाऱ्यांना सांभाळ.

राम कृष्ण हरी!