पोटगी आणि वांटा

पति निवर्तल्यावर मागें राहिलेल्या पत्नीस अन्नवस्त्र देणें हा कुटुंबधर्म होय, याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. प्रश्न उद्भवतो तो त्यापुढें. जिला जन्मभर पोसण्यास आपण सिद्ध असतों, तिला वांटेकरीण मानण्यास आपण तितकेच सिद्ध असतों काय?

बीड जिल्ह्यांतील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचें घर घ्या. सातबारा सासऱ्याच्या नांवें. मुलगा बापाच्या हयातींतच जातो. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें अशा मुलाच्या विधवेस पहिल्या वर्गाच्या वारसांत स्थान दिलें आहे. तरीहि सासऱ्यामागें वारसनोंदीच्या वेळीं दिरांचीं नांवें लागावीं व वहिनीचें राहून जावें, असें घडूं शकतें. विचारलें तर उत्तर तयार असतें : तिला काय कमी आहे? आम्ही पाहतोंच कीं! हें उत्तर नेहमींच कपटाचें नसतें. पुष्कळदां तें मायेचें असतें, आणि म्हणूनच तें अधिक तपासून पाहिलें पाहिजे.

मिताक्षरेच्या परंपरेंत अविभक्त कुटुंबांतील विधवेस पोटगी होती, वांटा नव्हता. डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नानें १९३७ सालीं झालेल्या कायद्यानें वांटा दिला, पण हयातीपुरता. आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा तो कायदा निजामी राज्यांतील बीडास आपोआप लागू नव्हता. १९५६ सालीं स्त्री आपल्या मिळकतीची पूर्ण मालकीण झाली. मात्र मृत्युपत्रानें वा दस्तानें मूळचाच मर्यादित हक्क दिला असेल, तर ती मर्यादा कायम ठेवली गेली. १९७७ सालीं तुलसम्मा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पोटगीपोटीं मिळालेली मिळकत, दस्तांत मर्यादा लिहिली असली तरी, विधवेच्या पूर्ण मालकीची होते. कारण पोटगी हाच तिचा आधींपासूनचा हक्क होता. ज्यास आपण उपकार समजत होतों, तें वस्तुतः देणें होतें.

वांट्यानें जमिनीचे तुकडे होतात, असा आक्षेप घेतला जातो. तुकडे भावांच्या वाटणीनेंहि होतात. तेवढ्यासाठीं धाकट्या भावास कोणी पोटगीवर ठेवीत नाहीं. तिला व्यवहार कळत नाहीं, हा दुसरा आक्षेप. पण अज्ञान मुलाचा पालकसुद्धां मुलगा सज्ञान होतांच मिळकत त्याच्या स्वाधीन करतो. चाळीस वर्षांच्या विधवेनें सज्ञान तरी केव्हां व्हावें?

सातबाऱ्यावर नांव नसलेल्या बाईस पीककर्जासाठींहि दिराचें तोंड पाहावें लागतें. तिच्यावर माया करणाऱ्यांनीं प्रथम तिचें नांव नोंदवावें. त्यानंतरहि मायेस पुष्कळ जागा उरते, असें आम्हांस वाटतें.