गाविलगडाची पडकी भिंत आणि आभासाचे प्रकार

29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोल्याकडच्या अडगावला नागपूरकर भोसल्यांचं सैन्य हरलं आणि 15 डिसेंबरला इंग्रजांनी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. उत्तरेकडचा तट त्यांनी तोफांनी फोडला होता. आज तिथे उभ्या राहणाऱ्याला दगड आणि गवत दिसतं. त्याला ती लढाई दाखवायची कशी?

अमरावतीत घरी हेडसेट लावून संगणकाने रचलेल्या गडावर फिरलो, तर ते व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव. भोवतालचं खरं काहीच दिसत नाही. गडावरच मोबाइल धरला आणि पडक्या तटाच्या जागी अखंड तट दिसला, तर ते एआर, म्हणजे संवर्धित वास्तव. 1994 मध्ये मिलग्राम आणि किशिनो या संशोधकांनी एका टोकाला निखळ वास्तव, दुसऱ्या टोकाला निखळ आभास ठेवला आणि मधल्या सगळ्याला मिश्र वास्तव म्हटलं. त्यांच्या मांडणीत एआर त्या मिश्राचाच एक भाग. पुढे कंपन्यांनी ‘मिश्र’ हे नाव आपापल्या हेडसेटला लावलं आणि गोंधळ वाढला.

मला संशोधक रोनाल्ड अझुमा यांची एआरची 1997 ची कसोटी जास्त उपयोगी वाटते. खरं आणि आभासी एकत्र दिसावं, प्रतिसाद त्याच क्षणी मिळावा, आणि आभासी वस्तू खऱ्या जागेत तिन्ही मितींत पक्की बसावी. यंत्र कोणतं, याला महत्त्व नाही. म्हणून क्यूआर कोड स्कॅन करून पाहिलेला व्हिडिओ एआर नव्हे. 360 अंशांच्या व्हिडिओत मान वळवता येते, पण दरवाजातून आत जाता येत नाही. त्याला पूर्ण व्हीआर म्हणणं मला पटत नाही. एआरमध्ये आभासी शिपाई खऱ्या बुरुजाआड जाऊन दिसेनासा झाला, तर मात्र यंत्राला बुरुजाचा आकार कळला आहे.

हा भेद नुसता काथ्याकूट नाही. एआरमधली कल्पित भिंत खऱ्या दगडांवर उभी राहते, त्यामुळे पाहणारा ती इतिहास म्हणूनच घरी नेतो. पुरावा असलेला भाग आणि अंदाजाने भरलेला भाग वेगवेगळ्या रंगांत दाखवलेच पाहिजेत. शिवाय गाविलगड ज्या मेळघाटात आहे तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. सगळं आधी डाउनलोड करता यावं.

अकोला-अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी विनंती आहे: हेडसेट घेण्याआधी, पुरातत्त्व आणि वन खात्यांची परवानगी काढून, गाविलगडाचा हा तट आणि अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा नीट मोजा, आणि ती मोजमापं सर्वांसाठी खुली ठेवा.