फिक्र आणि धुके

उर्दूत ‘फिक्र’ म्हणजे काळजी. आमच्या घरात हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. अरबीत मात्र फिक्र म्हणजे विचार. वर्गात शब्दार्थ सांगताना आम्ही दोन्ही अर्थ फळ्यावर लिहितो. पण विचाराची काळजी कशी होते आणि काळजीचा पुन्हा विचार करता येतो का, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो एका रात्री.

जून महिना होता. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणाले, यंदा पट घटला आहे, संचमान्यतेत एक जण अतिरिक्त ठरणार. सर्वांत कनिष्ठ आम्हीच. रात्री अंथरुणावर पडलो आणि डोके धावू लागले. पगार थांबेल, पतसंस्थेचा हप्ता थकेल, अब्बांची औषधे, मुलीची फी... रात्री तीनच्या सुमारास आम्ही मनाने घर विकून भाड्याची खोली शोधत होतो. प्रत्यक्षात आपल्याच घरात, आपल्याच गादीवर होतो. बेगम उठून बसल्या. त्यांनी एवढेच विचारले, “अजी, कागद आया क्या तुम्हारे हात में?”

कागद आला नव्हता. आम्ही उठलो, माठातले पाणी प्यालो, थंड फरशीवर पाय टेकून बसलो. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. तोवर तो कानावर पडतच नव्हता.

बल्ख शहराचा एक विद्वान होता, अबू झैद अल-बल्खी. इ.स. 934 मध्ये तो वारला. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्याने एकच ग्रंथ लिहिला, ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’. भीतीविषयी लिहिताना तो धुक्याचा दाखला देतो. ज्याने कधी धुके पाहिले नाही अशा वाळवंटातल्या माणसाला ते दुरून भिंतीसारखे वाटते. आत शिरल्यावर कळते की ही नुसती दमट हवा आहे, हिच्यातून चालता येते. त्याचा आणखी एक सल्ला आहे. मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, घरात औषध जपून ठेवतात तसे.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आम्ही स्वतःही घेतला. भीती खरी असेल तर? आमच्या वस्तीतल्या लोकांच्या पुष्कळ भीती खऱ्या असतात. घाबरलेल्याला ‘शांत राहा’ म्हणणे हे ज्याला झळ नाही त्याला सोपे असते. मग मन शांत करणे म्हणजे डोळेझाक नव्हे काय?

याचे उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात मिळाले. पाचवीतला एक मुलगा वही घेऊन टेबलाजवळ उभा होता. आम्ही बरोबरच्या खुणा करून वही परत दिली. तो हळूच म्हणाला, “सर, ये तो गलत है.” भागाकाराची तीन गणिते चुकलेली होती आणि आम्ही ती बरोबर ठरवली होती. रात्रभर आम्ही पटावरच्या आकड्याची काळजी वाहिली, आणि त्याच पटावरचे एक मूल समोर उभे असता ते दिसले नाही. डोळेझाक खरी इथे झाली होती.

त्या दिवशी आम्ही रजिस्टर उघडून मोजले. सहा मुले कमी होती. संध्याकाळी दोघे-तिघे शिक्षक मिळून घरोघर गेलो. चार मुलांचे दाखले मिळाले, दोन कुटुंबे कामासाठी गाव सोडून गेली होती. पुढे कागद आला. आम्ही लेखी हरकत घेतली. ती मानली गेली नाही आणि आमचे समायोजन तीस किलोमीटरवरच्या शाळेत झाले. म्हणजे भीती खरी ठरली. पण पगार थांबला नाही, घर विकले नाही. जे वाट्याला आले त्यात त्रास होता, पण तो मोजता येत होता. रात्रीच्या त्या भीतीला मापच नव्हते. आणि हरकतीचा अर्ज लिहायला शांत हातच लागला.

मात्र पाणी पिऊन पाय टेकले की सर्वांचेच भागते, असे आम्ही म्हणणार नाही. बगदादच्या निजामिया मदरशात शिकवणारे इमाम गझाली यांची 1095 मध्ये वाचाच बसली. अन्न गिळवेना, हकिमांनी हात टेकले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शेवटी त्यांनी ते पद सोडले. एवढ्या मोठ्या शिक्षकाला ही अवस्था सांगायला लाज वाटली नाही. मग आठवडेच्या आठवडे झोप नसलेल्या माणसाने डॉक्टरकडे जायला का लाजावे?

आजही एखाद्या रात्री डोके धावू लागते. तेव्हा आम्ही बेगमचा प्रश्न स्वतःला विचारतो, कागद आला का? आला असेल तर दिवा लावून उत्तर लिहायला बसतो. आला नसेल तर पंख्याचा आवाज ऐकत पडून राहतो. सकाळी साडेसहाची एस.टी. गाठायची असते, आणि तिकडेही कुणी वही घेऊन उभे असते.