चौघांनी उचललेली खाट

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षघाती मनुष्याची कथा आपण पुष्कळदा ऐकिली आहे. कफर्णहूमातील त्या घरी तो आपल्या पायांनी आला नाही. चौघांनी त्यास उचलून आणिले. दारात दाटी दिसली तरी ते माघारी फिरले नाहीत. छप्पर उस्तरून त्यांनी खाट खाली सोडिली. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे शास्त्र सांगते.

आपल्या गावांतही अशा खाटा आहेत. कोणी झाडावरून पडतो, कोणाची गाडी उलटते, आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस इजा होते. मग मेंदूचा निरोप पायांस पोहोचत नाही, पायांची वेदना मेंदूस कळत नाही, मलमूत्रावरील ताबाही जातो. पहिल्या आठवड्यात सारी मंडळी त्या घरी जमते. सहा महिन्यांनी कोण जातो? हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारिला, तेव्हा आमची मान खाली गेली.

काल जो घर चालवीत होता, तो आज पाण्याच्या तांब्यासाठी हाक मारितो. तो रागावतो, रडतो, कधी मरणही मागतो. त्यास अविश्वासी म्हणू नये. ईयोबानेही आपल्या जन्मदिवसास शाप दिला. हे कोणाच्या पापाचे फळ, असेही पुसू नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी तेच पुसले, तेव्हा प्रभूने तो विचार नाकारिला. आणि विश्वास असता तर उठला असतास, हे बोल तर जखमेवर मीठच होत.

वेल्लोर येथील डॉ. मेरी वर्गीस यांस १९५४ साली मोटारीच्या अपघातात अशीच इजा झाली. डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांस धीर दिला, आणि चाकांच्या खुर्चीत बसून त्या कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे न्यूयॉर्कला शिक्षण घेऊन त्यांनी १९६३ साली वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा घेतली. त्यांचे पाय बरे झाले नाहीत. परंतु त्यांच्या हातून कित्येकांस नवे जीवन लाभले.

मंडळीने काय करावे? अंथरुणात रोग्याची कूस दर दोन तासांनी पालटावी. पाठ, माकडहाड व टाचा रोज पाहाव्या; लाल डाग दिसल्यास तेथे भार पडू देऊ नये व दवाखान्यात दाखवावे, कारण त्यास व्रण कळत नाही. तो मरणाची भाषा बोलला तर त्यास एकटे सोडू नये, डॉक्टरांस कळवावे. रात्रंदिवस सेवा करणाऱ्या त्याच्या पत्नीस वा मातेस आठवड्यातून एक दिवस तरी विसावा द्यावा. उपासनामंदिराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. मुलांस वाचावयास शिकविणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे, असे काम त्याजकडे सोपवावे. परंतु तुला काय हवे, हे आधी त्यासच विचारावे.

उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारी उपासना संपल्यावर चौघांची नावे घ्या, आणि त्यांस बरोबर घेऊन त्या घरी जा. त्या चौघांना छप्पर उघडावे लागले. आपणांस तर केवळ दार उघडावयाचे आहे. आमेन.